पोस्टकार्डाची खिडकी

लोकांचा एक गैरसमज आधीच दूर करते. आमच्या कचेरीत नोकऱ्या मिळत नव्हत्या. खालच्या मजल्यावर नोकरीसाठी नावं नोंदवली जायची, वरच्या मजल्यावर मी बसायचे, आणि नोकरी दोन्ही मजल्यांवर नव्हती. ती बाहेर कुठेतरी असायची. मी फक्त दहावी-बारावीच्या मुलामुलींच्या चाचण्या घ्यायची आणि सांगायची, की बाळ, तुझा कल अमुक दिशेला दिसतो, तेव्हा तू तमुक शीक. हुद्दा होता व्यवसाय मार्गदर्शन अधिकारी. शेजारच्या काकू मात्र मी निवृत्त होईपर्यंत सगळ्यांना सांगत होत्या, "ह्या नोकऱ्या लावतात. पण ओळखीच्यांच्या लावत नाहीत."

या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी बजावलंय, की कामातल्या गमतीजमती लिहा, लोकांना सणासुदीला हलकंफुलकं आवडतं. लिहिते. पण मी खरी बसले आहे ती एक गमतीची नसलेली गोष्ट लिहायला. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. घरात सांगायला कुणी नाही, हेही एक कारण आहेच.

पहिली सहा वर्षं मी खालच्या मजल्यावर नोंदणीला होते. नाव नोंदवलं की एक कार्ड मिळायचं आणि ते ठरावीक मुदतीत नवं करून घ्यावं लागायचं. विसरलात की तुमची ज्येष्ठता गेली, पुन्हा रांगेच्या शेपटाला. मग लोक यायचे, काकुळतीला येऊन म्हणायचे, "बाई, चारच दिवसांचा प्रश्न आहे हो. मागची तारीख घाला ना." कुणी पेढे आणी, कुणी नगरसेवकाची चिठ्ठी. मी पेढे परत करायची, चिठ्ठी फाइलला लावायची आणि तारीख आजची घालायची. कचेरीत मला सगळे तारीखबाई म्हणत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एकदा एक तरुण आला. डोकं तासलेलं, वडिलांचं तेरावं आदल्या दिवशी झालेलं. दोन दिवस उशीर. मी नियम वाचून दाखवला. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "बरोबर आहे बाई तुमचं," आणि कार्ड खिशात घालून गेला. भांडला असता तर मी त्याला कधीच विसरून गेले असते.

मग परीक्षा देऊन वर गेले. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं, की प्रत्येक माणसासाठी एक काम असतं आणि प्रत्येक कामासाठी एका घडणीचा माणूस. आपण चाचणीनं माणूस मोजायचा, माहितीपत्रकावरून काम मोजायचं आणि दोघांची गाठ घालून द्यायची. थोडक्यात, वधूवर सूचक मंडळ. मी स्वतः लग्न केलं नाही, पण असली लग्नं हजारांनी लावली. चूक एवढीच, की ही लग्नं जन्माची असतात असं आम्ही धरून चाललो होतो. माझ्या खोलीत लोखंडी कपाट होतं, त्यात प्रत्येक व्यवसायाचं एक कार्ड. छापखान्यातला जुळारी, टेलेक्स चालवणारा, टेलिफोन ऑपरेटर, टंकलेखक, लघुलेखक. दर दोन-तीन वर्षांनी वरून पत्र यायचं आणि त्यातलं एखादं कार्ड मी काढून टाकायची. ज्यांना मी त्या कामाशी बांधून दिलं होतं त्यांचं पुढे काय झालं, हे विचारणारं पत्र मात्र कधी आलं नाही. शेवटी शेवटी कपाट उघडलं की निम्मे खण रिकामे दिसायचे.

गिऱ्हाईकंही नाना तऱ्हेची. खराडी तेव्हा गावच होतं. तिथले एक शेतकरी पोराला घेऊन आले. फेटा, कडक धोतर, पायात करकरीत वहाणा.

"कल-बिल ऱ्हाऊ द्या बाई," ते म्हणाले, "आमची जमीन हाय. रस्त्याला लागून हाय."

"मग आलात कशाला?"

"ह्याच्या आईनं धाडलंय. पोरगं दिसभर गप बसतंय म्हनून."

पोरगं चाचणीतही गप्पच बसलं, पण आकृत्यांची पुस्तिका त्यानं अशी सोडवली की मी बघतच राहिले. मी लिहून दिलं, आराखडे काढण्याचं शिक्षण द्या. बापानं कागद उलटासुलटा पाहिला आणि फेट्यात खोचला. पुढे त्या जमिनीवर काचेच्या इमारती उठल्या. बऱ्याच वर्षांनी ते गृहस्थ मला एका लग्नात भेटले. मी विचारलं, मुलगा काय करतो? "करायचंय काय त्याला? भाडं येतंय," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "अजून गपच बसतंय बगा." आम्ही दोघं हसलो, पण पानावरची जिलबी मला काही गोड लागली नाही.

आता पोस्टकार्ड. त्यासाठी थोडं आमच्या धंद्यातलं सांगावं लागेल.

चाचणीत मिळालेल्या नुसत्या गुणांना काही अर्थ नसतो. तीस मिळाले, म्हणजे चांगले की वाईट? ते कळायला छापील कोष्टक असतं. त्यात आपले गुण शोधायचे, की समोर कळतं, याच वयाच्या शंभर मुलांत हा कितवा. आणि त्या वेळी कोष्टकं दोन असायची, एक मुलांचं, एक मुलींचं. यंत्रांच्या चाचणीत तर दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. मुलांना लहानपणापासून सायकली खोलायला मिळतात, मुलींना मिळत नाहीत, म्हणून मुलींची तुलना मुलींशीच करायची, असा त्यामागचा विचार. एकाच पानावर शेजारी शेजारी बारीक आकड्यांचे रकाने. डोळा हमखास घसरायचा.

म्हणून मी एक युक्ती काढली होती. जुनं पोस्टकार्ड घेऊन त्याला ब्लेडनं एक उभी खिडकी कापली. ते कार्ड हव्या त्या रकान्यावर ठेवून टाचणी मारायची. खिडकीतून तेवढाच रकाना दिसतो, बाकीचा झाकला जातो. मुलांच्या शाळेचा गठ्ठा आला की खिडकी मुलांवर, मुलींचा आला की मुलींवर. उत्तरपत्रिकेवर नाव नसायचं, फक्त क्रमांक. नाव बघून तपासणाऱ्याचा हात ढळू नये म्हणून. माझी ही खिडकी बघायला दुसऱ्या जिल्ह्यांतले अधिकारी यायचे आणि जाताना पोस्टकार्डं मागून न्यायचे. मी चहा पाजून कापून द्यायची. केवढा तो रुबाब!

रुखसाना आली तेव्हा दहावीचा निकाल लागला होता. कसबा पेठेतल्या शेखभाईंची मुलगी. शेखभाईंचं स्टोव्ह, बत्त्या आणि कुकर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. पोरगी लहानपणापासून तिथे बसून पिना काढ, वॉशर बदल, असं करत वाढलेली. तिला तंत्रनिकेतनात मेकॅनिकलला जायचं होतं. त्या काळी त्या वर्गात मुली शोधाव्या लागत.

यंत्रांच्या चाचणीत चित्रं असतात. हे चाक असं फिरलं तर ते कुणीकडे फिरेल, असले प्रश्न. वेळ संपली आणि मी पत्रिका गोळा करू लागले, तशी ही म्हणाली, "बाई, चौदावं चित्र चुकलंय. तीन चाकं एकमेकांत अशी अडकवलीत की कुठलंच फिरणार नाही."

मी म्हणाले, "चित्रं सोडवायची असतात. तपासायला सरकारनं मला ठेवलंय."

बाकीची मुलं हसली. ती खाली मान घालून बसली. पुण्यात असं एखादं वाक्य जमलं की आम्हाला दिवस सत्कारणी लागल्यासारखं वाटतं.

आठवड्यानं बापलेक निकालाला आले. शेखभाई खुर्चीच्या कडेवर टेकले. म्हणाले, "मोहल्ल्यात सगळे हसतात बाई. नातेवाईक म्हणतात, पोरीला काय फिटर करतो का? मी म्हटलं, सरकारी बाई काय म्हणतात ते बघू. तुम्ही हो म्हणाला, तर उद्या फॉर्म भरतो. मग मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

त्यांना माझा हो हवा होता. पाठीशी उभं राहायला एक सरकारी कागद हवा होता. मला ते कळलं होतं आणि म्हणूनच मी अधिक ताठ झाले. समोर अहवाल होता. यंत्रविषयक क्षमता, मध्यम. मी म्हणाले, "मेकॅनिकल नको. टायपिंगला घाला. टायपिंगला मरण नाही."

रुखसानानं विचारलं, "मध्यम म्हणजे काय बाई?"

"म्हणजे बेताचीच."

तिनं कागद घेतला, त्याची नीट चौघडी केली आणि दप्तरात ठेवला. शेखभाई उठताना म्हणाले, "बरं झालं विचारलं. पोरीला मी उगाच नादाला लावली असती." दोघंही माझे आभार मानून गेले.

यानंतर बावीस-तेवीस वर्षं मी आनंदात नोकरी केली.

निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात जुन्या उत्तरपत्रिका नष्ट करण्याचा हुकूम आला. यादीशी ताडून बघायच्या आणि सही करायची. मुलांच्या एका शाळेचा गठ्ठा सोडला, मोजला, तर एक पत्रिका जास्त. क्रमांक त्या शाळेचा नव्हता. उलटून पाहिलं. चौदाव्या प्रश्नासमोर उत्तराची जागा कोरी आणि शेजारी बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं, "फिरणार नाही."

रुखसानाची पत्रिका मुलांच्या गठ्ठ्यात गेली होती. खिडकी मुलांच्या रकान्यावर टाचलेली, आणि मी गठ्ठा संपेपर्यंत मान वर न करता तपासत गेलेली. मी कोष्टक काढलं, खिडकी उचलून मुलींच्या रकान्यावर ठेवली. रुखसाना जवळजवळ टोकाला होती. इतक्या वर जाणारी मुलगी मी सबंध नोकरीत क्वचित पाहिली असेल. मग चौदावं चित्र पाहिलं. चित्र चुकलेलंच होतं. इतकी वर्षं दर आठवड्याला ते मुलांपुढे ठेवत होते आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

ती पत्रिका मी नष्ट केली नाही. कोष्टकाची पुस्तिका आणि पोस्टकार्ड यांच्यासकट पर्समध्ये घालून घरी आणली. सरकारी कागद घरी आणण्याची माझी ती पहिली वेळ. संध्याकाळी खिचडी टाकली, एका माणसाची. जेवता जेवता वाटलं, कुणीतरी समोर असावं आणि त्यानं म्हणावं, अगं, होतं असं. निरोप समारंभात शाल-नारळ दिला. साहेब भाषणात म्हणाले, बाईंचा एकही सल्ला वाया गेला नाही. टाळ्या पडल्या आणि मी नमस्कार केला.

मग मी मनाशी हिशेब मांडत बसले. तिचं लग्न झालं असेल, सुखात असेल, आता जाऊन जुनी खपली कशाला काढा? असं म्हणत अकरा वर्षं काढली. कर्वेनगरच्या माझ्या दोन खोल्यांत टीव्ही आहे, तुळस आहे, खाली वाणी आहे. दिवस जातो. पण कित्येकदा दुधाच्या पिशवीवाल्याला "उद्या एकच" म्हटलं, की त्यानंतर दिवसभर तोंडातून शब्द गेलेला नसतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांशी बोलण्याचा पगार घेतला, आता फुकट बोलायलाही कुणी नाही.

गेल्या वर्षी घराजवळच्या एका कॉलेजनं व्याख्यानाला बोलावलं. मुलं भली होती. एक मुलगी उठून म्हणाली, "मॅम, आता ॲपवर टेस्ट होते, टेन मिनिट्समध्ये रिपोर्ट येतो. आणि आमचे सीनियर्स दर दोन वर्षांनी फील्डच चेंज करतात. तुमच्या वेळी एकदा सांगितलं की फायनल. कधी कुणाला राँग सांगितलंत का?"

मी म्हणाले, "सांगितलं असेल एखाद्याला." सगळे हसले. त्यांनी गुलाबाचं फूल दिलं. घरी येऊन ते पेल्यात ठेवलं आणि मला स्वतःची इतकी शरम वाटली, की दुसऱ्या दिवशी सकाळी पर्स घेऊन कसब्यात गेले.

दुकान सापडलं, पण आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकत होती. गल्ल्यावर रुखसानाचा भाऊ होता, दाढी पिकलेली. म्हणाला, "आपा वरच राहते. अब्बांना जाऊन झाली आठ वर्षं." मी अंधाऱ्या लाकडी जिन्यानं वर गेले. दार उघडंच होतं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर खोललेला मिक्सर, आणि समोर चष्मा लावून बसलेली पन्नाशीची बाई.

तिनं मान वर केली. "टेस्टवाल्या बाई! अहो, या ना. बसा."

तिनं चहा केला, खारी काढली. भडाभडा बोलली. एका वकिलांकडे टायपिंग केलं, मग कॉम्प्युटर आले, तेही शिकली. मग वकिलांचा मुलगा स्वतःच सगळं करू लागला आणि हिला घरी बसवलं. "तुम्ही म्हणाला होतात, टायपिंगला मरण नाही," ती हसत म्हणाली, "मेलं की हो बाई." नवरा कामावर गेला होता, लेक खराडीला आयटीत. गल्लीतले मिक्सर, इस्त्र्या हिच्याकडे येतात. "येत काही नाही मला. असंच आपलं, वेळ जावा म्हणून करते."

ते "येत काही नाही मला" ऐकलं आणि मी कप खाली ठेवला. सगळं सांगितलं. पत्रिका काढली, पुस्तिका काढली, पोस्टकार्ड काढलं.

तिनं पोस्टकार्ड घेतलं, पुस्तिकेवर ठेवलं, या रकान्यावरून त्या रकान्यावर सरकवून पाहिलं. दोन मिनिटांत तिला सगळी रीत कळली. मला वाटलं होतं, समजावून सांगावं लागेल.

"म्हणजे मुलींच्यात मी वर होते."

"हो."

"आणि ही खिडकी मुलांवर होती. म्हणजे मुलांच्यात मी मध्यम."

"हो."

"मग बाई, मध्यम मुलगा आला तर त्याला तुम्ही काय लिहायचात?"

हा प्रश्न तिच्या आधी मला पडायला हवा होता. खरं सांगते, पडला होता. अकरा वर्षं मी तो बाजूला सारत होते. सगळा दोष पोस्टकार्डावर घालून मोकळं व्हायचं ठरवूनच मी आले होते. अहवाल लिहिताना समोर नाव होतं, बापाशेजारी मुलगी बसली होती. तेवढ्याच गुणांच्या मुलाला मी नको म्हटलं नसतं.

मी म्हणाले, "आवड असल्यास चालेल, असं लिहायची."

"आवड होती बाई मला," रुखसाना म्हणाली.

खाली भाऊ कुठल्याशा गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होता, ते ऐकू येत राहिलं. तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला. म्हणाली, "अब्बा शेवटपर्यंत म्हणायचे, बरं झालं बाईंना विचारलं." मी माफी मागितली. तिनं ती ऐकली की नाही, कोण जाणे. उठून कपाट उघडलं, प्लास्टिकच्या पिशवीतून माझा तो अहवाल काढला. चौघडीवर झिजून त्याचे चार तुकडे झाले होते, मागून चिकटपट्टी लावलेली. सोबत एक कोरा कागद आणून माझ्यापुढे ठेवला.

"बरोबर काय ते लिहून द्या."

मी लिहिलं. यंत्रविषयक क्षमता, अत्युच्च. मेकॅनिकल शिक्षणाची जोरदार शिफारस. खाली सही केली आणि तारखेसाठी पेन टेकवलं, तोच ती म्हणाली, "आजची नको. तेव्हाची घाला."

"मागची तारीख मी..." सवयीनं माझ्या तोंडून निघालं, आणि तासलेल्या डोक्याचा तो मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला. बरोबर आहे बाई तुमचं.

मी जुन्या अहवालावरची तारीख बघून बघून उतरवली. दिवस, महिना, साल. हुद्दाही तेव्हाचाच लिहिला.

तिनं उभ्यानं कागद वाचला. मग विचारलं, "चौदावं चित्र चुकलेलंच होतं ना?"

"हो."

"तरीच," ती म्हणाली. दोन्ही कागद पिशवीत घातले, पिशवी कपाटात ठेवली आणि पुन्हा वर्तमानपत्रापाशी जाऊन बसली. स्क्रूड्रायव्हर उचलला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "जिना अंधारा आहे. सांभाळून उतरा."

मी कठडा धरून उतरत होते. अर्ध्या जिन्यात आले, तेव्हा वर मिक्सर सुरू झाला.